दगडाची भाकर

वाचकहो, दगडातून भाकर कशी निघते, हे तुमसर तालुक्यातल्या चिखल्याला कुणी शिकवायला नको. इथले कित्येक हात जमिनीच्या पोटातून मॅंगनीजचा काळा दगड काढतात, तेव्हा घरची चूल पेटते. ज्यांच्या धानाच्या बांध्या आहेत, त्यांनाही घाम गाळल्यावाचून दाणा मिळत नाही.

म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट आपल्याला चटकन उमगावी. येशू चाळीस दिवस रानात उपाशी होता. तेव्हा सैतानाने त्याला सुचवले, की अंगी सामर्थ्य आहे ना, मग या धोंड्यांच्याच भाकरी करून घे! येशूने ते मानले नाही. ध्यानात घ्या, मोह भरल्या पोटी आला नाही, उपाशीपोटी आला. आपलेही तसेच होते. तुडतुड्याने धान खाल्ले, चुकारा अडला, घरात दुखणे आले, की नेमका तेव्हाच सट्टापट्टीवाला ओळखीचा होतो आणि दारूची बाटली जवळची वाटू लागते. सगळ्यांत काळा मोह म्हणजे आपणच आपला शेवट करण्याचा.

हा मोह पंडिता रमाबाईंच्या घराने पाहिला होता. 1874 च्या सुमाराचा दुष्काळ. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पुराण सांगून पोट भरणारे. होते नव्हते ते विकून झाले. अंगमेहनतीची सवय नाही, हात पसरणे कुळाच्या अभिमानाला पटेना. अखेर म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. मोलमजुरी करून मी तुम्हाला पोसतो, असे त्याने सांगितले. अभिमान बाजूला ठेवला आणि पाण्याकडे निघालेले पाऊल मागे फिरले. तरीही वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. पुढे 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेले.

रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1883 साली, इंग्लंडात. श्रद्धेने गेलेली माणसे परत आणली नाहीत, की दुःख पुसून टाकले नाही. मग दिले काय? 1896-97 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आपला भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. उपासमार काय असते हे जाणणाऱ्या रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि अन्नाला महाग झालेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावच्या माळावर त्यांना छप्पर मिळाले, अक्षर मिळाले आणि शेती, विणकाम अशी हातांना कामेही मिळाली. ज्या भुकेने त्यांचे घर मोडले, तिनेच त्यांना दुसऱ्यांची भूक ओळखायला शिकवले.

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतला क्रम पाहा. आधी रोजची भाकर, मग ऋणाची माफी, मग मोहापासून सुटका. भाकर, ऋण, मोह! शेतकऱ्याच्या घरात संकटे याच वाटेने येतात. आणि ही मागणी 'माझ्या'साठी नाही, 'आमच्या'साठी आहे. एकट्याने सोसायचे असते, तर प्रार्थनेत 'आम्ही' कशाला असता?

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, श्रद्धेचे बळ म्हणजे दात-ओठ खाऊन गप्प बसणे नव्हे. कर्जाचा आकडा घरधनिणीपासून लपवू नका. मन फार काळवंडले, तर त्याच रात्री शेजाऱ्याला हाक मारा, पाळकांचे दार ठोठवा, डॉक्टरांना सांगा. मजुरीची लाज धरू नका. आणि शेजारची चूल दोन दिवस पेटलेली दिसली नाही, तर विचारायची वाट पाहू नका. पायलीभर तांदूळ घेऊन जा. आपली प्रार्थना कधी कधी दुसऱ्याच्या हातून पुरी होते, आणि दुसऱ्याची आपल्या हातून.