परवाना कुणाच्या नावावर?

ईदनंतरच्या तिसऱ्या दिवशी खेडहून आपा आल्या. सोबत त्यांचा धाकटा, आमचा भाचा, दुबईहून महिनाभराच्या सुट्टीवर आलेला. शीरखुर्मा झाला, बिर्याणी झाली, तरी दोघं उठायचं नाव घेईनात. शेवटी आपांनी पिशवीतून रुमालात बांधलेले कंगन काढून टेबलावर ठेवले. "विकले तर किती येतील, तुझ्या ओळखीच्या सोनाराला विचार," म्हणाल्या. ते कंगन आमच्या अम्मींचे. आपांच्या लग्नात दिलेले.

भाचा अकरा वर्षं दुबईत आहे. आधी देरात दुकानांचं सामान पोचवायचा, आता सहा वर्षं एका सफारी कंपनीच्या गाडीवर आहे. दुपारी हॉटेलांतून पाहुणे उचलायचे, लहबाबच्या लाल वाळूपाशी पोचलं की टायरची हवा कमी करायची, टेकाडांवरून गाडी खालीवर न्यायची, रात्री कॅम्पवर जेवण आणि मग उशिरा परत. हिंदी, उर्दू, मराठी आणि कामापुरती अरबी बोलतो. पुण्या-नाशिकचे पाहुणे पुढच्या खेपेला त्याला नावानं मागतात. "मामू, गिऱ्हाईक माझं, पाठदुखी माझी, पैसा कंपनीचा," असं तो म्हणाला तेव्हा त्यात आम्हांला खोटं काही दिसलं नाही. असा मुलगा स्वतःचा धंदा काढू म्हणत असेल तर घरानं त्याच्या पाठीशी उभं राहायलाच हवं.

पण बेत असा होता. शेजारच्या गावचे एक गृहस्थ, पंचवीस वर्षं दुबईत, नात्यात लांबून लागणारे. त्यांच्याकडे कंपनी आहे, परवाना तयार आहे. ते म्हणाले, नवा काढायला वर्ष जाईल, शिवाय लोकल भागीदार लागेल, तू कुठं त्या भानगडीत पडतोस? ८० हजार दिरहम घाल, माझ्याच परवान्यावर सफारीचं काम सुरू कर, निम्मा नफा तुझा. ८० हजार दिरहम म्हणजे आपल्याकडचे १८ लाखांच्या वर. भाच्याची बचत, कंगन आणि आपांची फिक्स्ड डिपॉझिट मिळून तेवढे होत होते.

"कागद काय करणार आहात?" आम्ही विचारलं.

"आपल्याच माणसांत कागद कसला, मामू?"

परवान्याचा फोटो मात्र त्याच्या मोबाइलमध्ये होता. दुबईचा व्यापारी परवाना अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो. या फोटोत व्यवसायाच्या इंग्रजी ओळीवर काढणाऱ्याचा अंगठा आला होता. आम्ही उर्दू शिकवतो, अरबी नव्हे, पण लिपी ओळखीची आणि पुष्कळ शब्दही. वर लिहिलं होतं 'रुख्सा', म्हणजे परवाना. आपल्या उर्दू शाळेतली पोरं रजेसाठी 'रुख्सत'चा अर्ज लिहितात, तो याच घरातला शब्द. (मराठीतला 'परवाना' उर्दू गझलेत शमेवर जळणारा पतंग होतो, हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. त्या दिवशी आम्हांला हसू आलं नाही.) खाली व्यवसायाच्या रकान्यात शब्द होता 'नक्ल'. मराठीत नक्कल, उर्दूत नक्ल म्हणजे प्रत, पण अरबीत त्याचा अर्थ वाहतूक. पर्यटनाला अरबीत 'सियाहा' म्हणतात, आपल्या उर्दूतलं सयाहत. तो शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता.

म्हणजे परवाना प्रवासी वाहतुकीचा होता. कामगारांना मुक्कामावरून कामावर नेण्या-आणण्याचा. त्यावर पर्यटकांना सहल विकता येत नाही. उद्या तपासणी झाली, दंड बसला, गाडी अडकली, तर १८ लाख घालणाऱ्याचं नाव कागदावर नसल्यानं त्याला बोलायलाही जागा नव्हती. अमिरातीची सरकारी नॅशनल इकॉनॉमिक रजिस्टर नावाची नोंदवही आहे, तिथं परवाना कुणालाही फुकट शोधता येतो. भाच्यालाच शोधायला लावलं. परवाना खरा होता, पण त्याची मुदत संपायला दोनच महिने उरले होते.

भाचा चिडला. "तुम्ही त्यांना चोर समजता?" नाही समजत. कदाचित त्यांनाही वाटत असेल की दोन्हींत गाडीच चालवायची, फरक काय. पण १८ लाख कुणाच्या वाटण्यावर सोडायचे नसतात. आपा काही बोलल्या नाहीत, कंगन पुन्हा रुमालात बांधायला लागल्या. ते बघणं आम्हांला त्या चिडण्यापेक्षा जड गेलं.

लोकल भागीदाराची गोष्ट जुनी झाली आहे. पूर्वी मुख्य शहरात मर्यादित कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा अमिराती नागरिकाचा लागायचा. १ जून २०२१ पासून कायदा बदलला आणि बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला १०० टक्के मालकी मिळू लागली. आपल्या कोकणातल्या जुन्या दुबईकरांच्या डोक्यात मात्र अजून कफील आणि अरबाबच आहेत. त्यांची सारी उमर त्यातच गेली, त्यांचा तरी काय दोष!

पर्यटनाचा परवाना त्याच साली एकत्र झालेल्या दुबईच्या अर्थ व पर्यटन खात्याकडून मिळतो. आधी ठरवावं लागतं की नेमकं काय करणार. दुबईत आलेल्यांना फिरवायचं तर इनबाउंड, तिथल्या लोकांना परदेशी पाठवायचं तर आउटबाउंड, तिकिटं विकायची तर ट्रॅव्हल एजंट. भाच्याला हवा होता इनबाउंड. उमराहच्या सहलीही त्यातच काढू, असं त्याच्या मनात होतं, पण हज-उमराहला धार्मिक व्यवहार खात्याची मंजुरी वेगळी लागते. व्यवसाय ठरला की प्राथमिक मंजुरी, कंपनीचं नाव राखून ठेवणं, भागीदारीचा करार, ऑफिसची जागा आणि तिच्या भाडेकराराची 'इजारी' नोंद. इजारी म्हणजे आपल्या बोलीतलं इजारा. मग खात्याची संमती आणि परवाना. दरवर्षी नूतनीकरण. पर्यटकांना माहिती सांगत फिरवणाऱ्या गाइडला त्याचा स्वतःचा परवाना लागतो. वर्षाची उलाढाल ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की व्हॅटची नोंदणी सक्तीची.

हे सगळं आठवड्याभरात कळलं. खरा हिशेब निघाला तो आपांच्या स्वयंपाकघरात. दुबईत पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. जून-जुलैत पारा ४५ च्या घरात जातो, वाळूत कोण येणार? पण ऑफिसचं भाडं, परवाना आणि व्हिसाचा खर्च बारा महिन्यांचा. सात महिन्यांच्या कमाईत बारा महिने बसवून पाहिले, तेव्हा भाचा पहिल्यांदा शांत झाला. म्हणाला, "म्हणजे पहिल्या उन्हाळ्याचे पैसे आधीच बाजूला हवेत." ते त्याचं त्यालाच सुचलं.

आणखी एक गोष्ट निघाली, ती लिहायलाच हवी. १८ लाख तिकडे जाणार कसे? गावात एकानं सहज सांगितलं, इथं रुपये द्या, तिथं संध्याकाळी दिरहम मिळतील. याला हवाला म्हणतात आणि तो आपल्या परकीय चलन कायद्याखाली बेकायदा आहे. सरळ रस्ता बंद नाही. भारतात राहणाऱ्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेतून बाहेर पाठवता येते. मात्र परदेशी कंपनीत हिस्सा घ्यायचा तर २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत त्याची वेगळी नोंद करावी लागते. १० लाखांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते, तो नंतर आयकरात वळता होतो. हिस्सा आपांच्या नावावर हवा, की मुलाला कर्जाऊ द्यायचे, हे आधी ठरवायला लागलं. आपांना हा प्रश्नच पसंत नव्हता. "मुलाला काय कर्ज द्यायचं?" पण त्यांना आणखी दोन मुली आहेत. उद्या वाटणीची वेळ आली तर हे १८ लाख कुणाचे? सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगते. आपा रोज कुरआन वाचतात. त्यांनी मुसहफ उघडला नाही, फक्त म्हणाल्या, "लिहा मग."

लिहिलं. दोन्ही मुलींच्या सह्या साक्षीदार म्हणून घेतल्या.

भाचा परत गेला त्याला आता पाच महिने झाले. आधी मालकाशी बोलला, कारण नोकरीत राहून चोरून काही करायचं नाही असं त्याचं त्यानंच ठरवलं. मालक नाराज झाला, पण सोडायला तयार आहे. याच्याबरोबर काम करणारा केरळचा एक चालक भागीदार होतोय, दोघांचीही नावं करारात असतील. प्राथमिक मंजुरी आली आहे. ऑफिस बघणं चालू आहे, देरातली जागा महाग पडते म्हणून जरा लांबची शोधतायत. या हंगामात सुरू होईल असं वाटत नाही.

शेजारगावचे ते गृहस्थ मागच्या महिन्यात एका निकाहात भेटले. सलामाचा जवाब दिला, हात मात्र पुढे केला नाही. कंगन अजून आपांच्याच कपाटात आहेत. भाच्यानं फोनवर सांगितलं, त्यांची वेळ आली तर मी विचारीन, तोवर त्यांना हात लावू नका.