भिंतीवरचे जहाज किती मोलाचे?

वाटण्यांची वेळ आली की दागिने, भांडी यांच्या किमती चटकन ठरतात. घोडे पेंड खाते ते दिवाणखान्यातल्या तसबिरीपाशी. खवळलेला समुद्र, फुगलेली शिडे, सोनेरी नक्षीची चौकट आणि कोपऱ्यात न लागणारी सही! थोरल्याला चित्र लाखमोलाचे वाटते, धाकटा म्हणतो, ‘भंगारवाल्याला द्या.’ दोघांपैकी कुणीही ते भिंतीवरून उतरवून पाहिलेले नसते.

जाणकार आधी चित्राची पाठ पाहतो. विक्रेत्याची चिठ्ठी, जुना लिलाव-क्रमांक, चौकट करणाऱ्याचा पत्ता, सारे तिथेच सापडते. कापड सांगाड्यावर बारीक चुकांनी ठोकले असेल तर चित्र जुने असू शकते. स्टेपलच्या पिना असतील तर ते बहुधा विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. अर्थात, जुन्या चित्राला कुणी नवा सांगाडा बसवला असेल तर पिना फसवतात.

मग भिंग घ्यावे. रंगाऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. वरून पारदर्शक लुकण फासून कुंचल्याचे फटकारे उठवलेले असतात, त्यामुळे नुसत्या बोटाला ते तैलचित्रच वाटते. इंग्रज चित्रकार मॉन्टेग्यू डॉसन (१८९०-१९७३) याच्या जहाजांच्या छापील प्रती खूप खपल्या. काहींच्या समासात त्याची पेन्सिलीची सहीही असते. सही खरी, तरी चित्र छापीलच. मूळ तैलचित्राची किंमत त्याला कशी येणार?

हाताने रंगवलेले म्हणजे मौल्यवान, असेही नाही. फर्निचरची दुकाने आणि हॉटेले यांच्यासाठी अशी जहाजे ठोकभावाने रंगवली जात. असला कारागीर वाऱ्यात हमखास चुकतो. शिडे मागच्या वाऱ्याने पुढे फुगलेली, आणि झेंडा मात्र मोटारीवरच्यासारखा मागे फडफडणारा! ज्याने जहाज जवळून पाहिले आहे, तो असे काढणार नाही.

जहाजाला नाव असेल तर मात्र घाई करू नये. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे. अशा खऱ्या जहाजाचे, त्याच काळातले चित्र निघाले तर गोष्ट निराळी. ते शंभर वर्षांहून जुने ठरले तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खासगी व्यक्तीला परदेशी धाडता येत नाही, हेही परदेशातल्या भावंडाला आधीच सांगावे.

किंमत कळेपर्यंत ओले फडके किंवा बटाट्याची फोड चित्राला लावू नये. धुळीबरोबर रंगही निघतो. मूल्यमापन करणाऱ्याला पुढचा, मागचा आणि सहीचा असे तीन स्वच्छ फोटो पाठवावेत, आणि विम्यासाठीची किंमत हवी की विक्रीची, हे स्पष्ट विचारावे. दोन आकड्यांत बरीच तफावत असते. चौकटीचा भाव वेगळा घ्यावा. सजावटीच्या चित्रांत कधी कधी चौकटच जास्त किमतीची निघते.