टुरिस्ट व्हिसावर चळवळ नेऊ नका

बाहेरच्या देशात एखाद्या शाळेत विनामोबदला शिकवायला आपला कुणी मुलगा किंवा मुलगी निघाली की चळवळीतली चार अनुभवी मंडळी एक सल्ला हमखास देतात. "टुरिस्ट व्हिसा काढ आणि जा. पगार घेणार नाहीस, मग कोण विचारतंय?" या सल्ल्याला आमचा विरोध आहे, आणि तो सौम्य विरोध नाही.

आमच्या डोळ्यांसमोर कोणती शाळा आहे ते आधी सांगतो. हंगेरीच्या ईशान्येला, मिश्कोल्त्स शहराजवळ शायोकाझा नावाचं गाव आहे. तिथे रोमा समाजाच्या मुलांसाठी २००७ साली डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू झाली. टिबोर डेरदाक आणि यानोश ओर्शोश या दोघांनी ती उभी केली. दोघेही बाबासाहेबांच्या विचारातून बौद्ध झालेले, महाराष्ट्रात येऊन आपली चळवळ पाहून गेलेले. रोमांची भाषा मूळची भारतीय कुळातली आणि त्यांचं जगणं तर आपल्याला समजावून सांगावंच लागत नाही. गावाच्या कडेची वस्ती, वेगळे वर्ग, आणि चांगल्या मुलांना 'मतिमंद' ठरवून विशेष शाळेत ढकलणं. होर्वाथ आणि किश या दोन रोमा तरुणांच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१३ साली याच कारणावरून हंगेरीला दोषी धरलं. तिथल्या माध्यमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत परकीय भाषा सक्तीची असते. नागपूर-नांदेडकडे इंग्रजीत एम.ए. करून सेट-नेटच्या रांगेत बसलेल्या आपल्या पोरांचा इथे खरा उपयोग आहे. जायलाच हवं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कसं जायचं याचा.

शेंगेनचा अल्प मुदतीचा व्हिसा १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहू देतो. नव्वद दिवसांत मुलांची नावं नीट उच्चारायला येतात, शिकवणं तिथून पुढे सुरू होतं. त्याहून जास्त राहायचं तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा परवाना लागतो. युरोपियन युनियनच्या २०१६ च्या निर्देशात स्वयंसेवकांसाठी वेगळी तरतूद आहे: यजमान संस्थेशी करार, त्यात कामाचं स्वरूप, मुदत, तास, देखरेख, राहण्या-खाण्याची सोय, शिवाय विमा. पण ही तरतूद सक्तीची आहे ती फक्त त्यांच्या स्वतःच्या युरोपीय स्वयंसेवा योजनेतल्या लोकांसाठी. बाकीच्यांना ती लावायची की नाही हे ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

आता उलट बाजू पाहा. बर्लिनचा एखादा तरुण आपल्या वस्तीत महिनाभर फुकट शिकवायला येणार असेल, तर भारताचा ई-टुरिस्ट व्हिसा त्याला ती मुभा देतो. घरी बसून फोटो आणि पासपोर्टची प्रत चढवली की झालं. आपल्या पोरीने तिकडे जायचं म्हटलं तर ९० युरो शुल्क, जे नकार मिळाला तरी परत येत नाही, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, बँकेचा उतारा, आयकर विवरणपत्र, परत येण्याचे पुरावे. आमच्या ओळखीच्या एका मुलीचा अर्ज एका युरोपीय दूतावासाने फेटाळला. छापील नमुन्यातल्या एका चौकटीवर खूण होती: मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. वडील नगरपालिकेचे निवृत्त सफाई कामगार, घर भाड्याचं, खात्यात शिष्यवृत्तीचे उरलेले पैसे. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो परत येईल आणि जिच्या नावावर काही नाही ती पळून जाईल, असा हा हिशेब. ज्यांना जमीनच मिळू दिली गेली नाही, त्यांच्याकडे प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून जमीन मागायची! हा जातीचा कायदा नाही, तरी फळ तेच देतो.

मग टुरिस्ट व्हिसावर का जाऊ नये? राग तर बरोबरच आहे.

कारण पकडला गेलेला मुलगा एकटा पडत नाही. त्याच्यावर प्रवेशबंदी आली आणि नाव शेंगेनच्या माहिती प्रणालीत चढलं की २९ देशांची दारं एकदम बंद होतात. हे एक वेळ तो सोसेल. पण ज्या शाळेने त्याला वर्गात उभं केलं तिचं काय? रोमा मुलांची शाळा म्हणजे आधीच शंभर नजरा रोखलेल्या. तिथे 'परदेशी माणसं बेकायदा कामाला लावतात' एवढी एक नोंद झाली की ती वापरायला किती हात पुढे येतील, हे आपल्या आश्रमशाळा चालवणाऱ्यांना विचारा. आपल्या उत्साहाची किंमत दुसऱ्याच्या शाळेने का भरायची?

यावर कुणी म्हणतं, बाबासाहेबांनी कुठे कुणाला विचारलं होतं? १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा व्हिसाची आजच्यासारखी यंत्रणाच नव्हती, ती पहिल्या महायुद्धानंतर घट्ट झाली. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपून परतावं लागलं, तेव्हा चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊनच ते निघाले. १९२० साली ते परत गेले.

तेव्हा काम कागदाचं आहे आणि ते संघटनेने करायचं आहे, एकट्या पोराने नाही. यजमान शाळेशी रीतसर करार आणि इथल्या नोंदणीकृत संस्थेचं खर्चाची हमी देणारं पत्र, तेही संस्थेच्या खऱ्या खात्यासह. आठ दिवसांसाठी कुणाच्या तरी खात्यातून दोन लाख फिरवून आणायचे, ही युक्ती व्हिसा अधिकाऱ्यांना तोंडपाठ आहे. चौदा एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेचं भाडं किती असतं ते प्रत्येक मंडळाला माहीत आहे, त्यामुळे पैसा नाही हे आम्हाला सांगू नका. नकार आला तर शेंगेन नियमांनुसार अपिलाचा हक्क आहे. मुदत नकाराच्या पत्रातच लिहिलेली असते, आणि आपली पोरं ते पत्र लाजून ट्रंकेत ठेवतात.

एक अडचण मात्र खास आपली आहे. जानेवारी २०१८ च्या बंदनंतर ज्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले, त्यातले बरेच जण 'आता पासपोर्ट विसरा' म्हणून गप्प बसलेत. नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित फौजदारी खटला नव्हे. न्यायालयाने दखल घेतल्यावरच पासपोर्ट कायदा १९६७ चं कलम ६(२)(फ) लागू होतं, हे परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. खटला न्यायालयात असेल तरी २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच न्यायालयाची परवानगी घेऊन ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो. तालुक्यात आपले वकील आहेत, जयंतीच्या व्यासपीठावर ते दरवर्षी बसतात. यंदा त्यांच्याकडून भाषणाऐवजी हे अर्ज लिहून घ्या.