क्रमांकापलीकडचे विद्यापीठ

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांत विद्यापीठांची चर्चा सुरू होते. निवड होते ती बहुधा नावलौकिकावरून आणि क्रमवारीवरून. केंद्र सरकारने 2016 साली राष्ट्रीय क्रमवारीची पहिली यादी प्रसिद्ध केली. अध्यापनाची साधने, संशोधन, पदवीधरांची वाटचाल, समावेशकता आणि प्रतिमा हे तिचे पाच निकष. तेथे शिकणारा विद्यार्थी समाधानी आहे काय, हा मात्र त्यांत स्वतंत्र निकष नाही.

नुसत्या नावलौकिकाची मर्यादा 2017 साली महाराष्ट्राने अनुभवली. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे निकाल संगणकीय मूल्यांकनाच्या गोंधळात रखडले. अनेकांचे पुढील प्रवेश टांगणीला लागले. विद्यापीठाची दीडशे वर्षांची पुण्याई त्या विद्यार्थ्यांच्या कामी आली नाही.

समाधान म्हणजे चकचकीत इमारती वा सढळ हाताने दिलेले गुणही नव्हेत. प्राध्यापकांची पदे भरलेली आहेत काय, तासिका नियमित होतात काय, ग्रंथालय किती वेळ उघडे असते, निकाल वेळेवर लागतात काय, हे प्रश्न त्याच विभागात दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विचारावेत. आईवडिलांची पुंजी आणि तारुण्याची तीन-चार वर्षे जेथे वेचायची, तेथे एवढी चौकशी करणे हे पालकांचे कर्तव्यच होय.