बरोबरी कोणी सोडवायची?

समान गुण मिळवलेल्या दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न क्रीडासंघटनांना जितका छळतो तितकाच तो समीक्षेलाही छळत आला आहे. फरक एवढाच, की संघटनेला त्याचे उत्तर हंगाम सुरू होण्यापूर्वी नियमावलीत लिहून ठेवावे लागते आणि समीक्षकाला ते आयुष्यभर टाळता येते. म्हणूनच गुणतक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली ती दोन-तीन कलमे साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी नीट वाचावीत, असे आम्हांस वाटते.

आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम महामारीमुळे गोव्यात, प्रेक्षकांविना खेळला गेला. साखळी संपली तेव्हा मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान या दोन्ही संघांचे गुण ४० होते. अग्रस्थानाचा मान आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमधील जागा मात्र एकच होती. नियम असा, की प्रथम या दोघांतील परस्पर सामने पाहावेत. मुंबईने जानेवारीत १-० आणि २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळीला २-० असा विजय मिळवला होता. साहजिकच अग्रस्थान मुंबईकडे गेले. सर्व सामन्यांतील गोलफरक पाहिला असता तरी निकाल तोच लागला असता, त्यामुळे कोणी फारशी कुरबूर केली नाही.

कुरबूर केव्हा होते? दोन निकष दोन वेगळी नावे सांगू लागतात तेव्हा. स्पेनच्या २००६-०७ च्या हंगामात रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचे प्रत्येकी ७६ गुण झाले. गोलफरक बार्सिलोनाचा ४५, माद्रिदचा अवघा २६. परंतु तेथेही परस्पर सामन्यांना अग्रक्रम होता. त्या दोन सामन्यांपैकी एक माद्रिदने जिंकला होता आणि दुसरा बरोबरीत सुटला होता. विजेतेपद माद्रिदला मिळाले. हाच हंगाम इंग्लंडच्या नियमाने मोजला असता तर चषक बार्सिलोनाकडे गेला असता, कारण तेथे गोलफरक आधी पाहतात. खेळ तोच, गोल तेच, आणि विजेता निराळा! म्हणजे बरोबरी सोडवणारा नियम हा हिशेबाचा भाग नसून तो मूल्यनिर्णय आहे. गोलफरक मानणारा हंगामभराच्या एकूण कर्तृत्वाला, त्यातल्या दुबळ्यांवरील दणदणीत विजयांसकट, मान देतो. परस्पर सामना मानणारा तुल्यबळाशी समोरासमोर झालेल्या कसोटीला मान देतो. एखाद्या कवीचे मोजमाप समग्र कवितेवरून करावे की त्याच्या सर्वोत्तम दहा कवितांवरून, हा आपल्या वर्गांतला जुना वाद याहून फारसा वेगळा नाही.

सातारा-सांगलीच्या वाचकाला मात्र हा प्रश्न फुटबॉलच्या आधी कुस्तीने शिकवला आहे. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. या मुलखातल्या जत्रेच्या फडात निकालाचे मार्ग दोनच: एक तर चितपट, नाही तर कुस्ती बरोबरीत सुटली. पंचांनी दोघांचे हात वर केले की दोघेही मानाने आखाड्याबाहेर पडत. बरोबरी हा तेथे अपुरा निकाल समजला जात नसे.

गादीवरच्या कुस्तीला ही मुभा नाही. सहा मिनिटांत निकाल हवाच. गुण समान झाले तर आधी कोणाचा डाव अधिक गुणांचा होता ते पाहतात, मग कोणाला ताकिदी कमी मिळाल्या ते, आणि तरीही समानता राहिली तर शेवटचा गुण ज्याने मिळवला तो विजयी. पहिला निकष आम्हांस पटतो. एक अवघड डाव दोन सोप्या डावांहून मोठा मानणे रसिकतेला धरून आहे. शेवटच्या गुणाला पहिल्याहून जड का मानावे, याचे उत्तर मात्र न्यायापेक्षा नाट्यात सापडते: आघाडीवरच्या मल्लाने अंग चोरू नये आणि प्रेक्षकाने श्वास रोखून बसावे. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीला अखेरच्या अंकाचे महत्त्व सांगायला नको! पण मुक्त शैलीच्या कुस्तीत २००५ ते २०१२ या काळात जे चालले, त्याला नाट्यही म्हणवत नाही. फेरीत दोघांचाही गुण शून्य राहिला की पिशवीतून रंगीत चेंडू काढीत आणि ज्याच्या रंगाचा चेंडू निघे त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करता येई. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे पारडे एका चेंडूने झुकावे, हे कोणत्या न्यायात बसते?

यावर कोणी म्हणेल, की मातीतली बरोबरी तरी कुठे निष्कलंक होती? खरे आहे. ठरवून लढलेल्या नुरा कुस्त्यांना बरोबरीइतका सोयीचा आडोसा दुसरा नव्हता, आणि तासभर नुसती खडाखडी पाहून कंटाळलेला प्रेक्षक निकाली कुस्तीची मागणी करू लागला तर त्याला दोष देता येणार नाही. २०२२ साली साताऱ्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अंतिम लढत पृथ्वीराज पाटील यांनी ५-४ अशी जिंकली. गदा एकच असते, तेव्हा एका गुणाने का होईना, निवाडा करणे भाग असते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. जेथे जागा खरोखर एकच आहे, तेथे बरोबरी जरूर सोडवावी. पण निकष आधी जाहीर असावा, तो खेळातूनच आलेला असावा आणि मैदानातल्या शेवटच्या माणसाला तो समजलेला असावा. चिठ्ठी टाकणे हा निवाडा नव्हे, ती निवाड्याची माघार आहे. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत समान मते पडल्यावर एका प्रभागाचा निकाल चिठ्ठीने लागला. तेथे दुसरा उपाय नव्हता. पण खेळाकडे आणि कलेकडे तुलनेची साधने असताना त्यांनी नशिबाला पंच का करावे?

आणि जेथे जागा एकच असण्याची सक्ती नाही, तेथे बरोबरी राहू द्यावी. पुरस्काराच्या यादीत ‘विभागून’ हा शब्द दिसला की आपण परीक्षकांना भित्रे म्हणतो. बुकर पुरस्काराच्या नियमांनी विभागणीला मनाई केली असतानाही २०१९ च्या परीक्षकांनी तो मार्गारेट अ‍ॅटवूड आणि बर्नार्डीन एव्हारिस्टो यांना विभागून दिला. नियमभंग म्हणून त्यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. आधी मान्य केलेला नियम ऐन निकालाच्या वेळी मोडू नये. मोडायचाच तर तो नियमच मोडीत काढावा. दोन भिन्न जातींच्या कादंबऱ्यांना गुणतक्त्यात बसवून शेवटच्या गुणाने विजेता ठरवण्यापेक्षा दोघांचे हात वर करणारा फडातला पंच आम्हांस अधिक शहाणा वाटतो.