मॉडेल कोणी घडवावे?

वेब अ‍ॅप्लिकेशनच्या रचनेत मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही विभागणी आज सर्वपरिचित आहे. नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी ती १९७९ मध्ये झेरॉक्सच्या अमेरिकेतील संशोधनकेंद्रात असताना मांडली. माहितीचे स्वरूप मॉडेल ठरवते, पडद्यावर काय दिसेल ते व्ह्यू ठरवतो आणि वापरणाऱ्याची मागणी योग्य ठिकाणी पोहोचवतो तो कंट्रोलर. मॉडेल ज्ञानाचे प्रतिनिधित्व करते, अशी रेन्स्काउग यांची धारणा होती. तसे असेल, तर साहित्याचे मॉडेल घडवताना साहित्याच्या अभ्यासकांनी दूर राहून चालणार नाही, असे आम्हांला वाटते.

समजा, मराठी कवितेची सूची करायची आहे. प्रोग्रामर 'कविता' नावाचा क्लास लिहितो आणि त्यात शीर्षक, कवी व प्रकाशनवर्ष असे रकाने ठेवतो. 'कवी' हा रकाना अर्थातच अनिवार्य. आता जात्यावरची ओवी नोंदवू पाहा. कवीचे नाव नाही म्हणून नोंद नाकारली जाते. नोंदणारा कंटाळून 'अज्ञात' असे लिहितो आणि पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी मिळून घडवलेली रचना 'अज्ञात' नावाच्या एका कवीच्या खात्यावर जमा होते!

नावांचेही तसेच. राम गणेश गडकरी कवितेत 'गोविंदाग्रज' होतात, तर विनोदी लेखनात 'बाळकराम'. म्हणजे 'व्यक्ती' आणि 'लेखननाम' हे दोन क्लास हवेत; एका व्यक्तीची अनेक लेखननामे असू शकतात. बहिणाबाई मात्र दोन आहेत: सतराव्या शतकातील संत बहिणाबाई आणि खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१). तेव्हा ओळख नावावरून नव्हे, स्वतंत्र क्रमांकावरून पटावी. शिवाय बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी लिहून घेतली. रचणारा आणि लिहून घेणारा या भूमिका वेगळ्या ठेवणारा 'सहभाग' हा आणखी एक क्लास येथे लागतो.

पाठभेदांचा प्रश्न याहून बिकट आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधील (इ. स. १२९०), एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४). एकाच रकान्यात कोणते वर्ष लिहिणार? 'कृती' आणि 'पाठ' हे क्लास वेगळे करून एका कृतीला अनेक पाठ जोडले, तरच या प्रश्नाला उत्तर मिळते.

आरंभी सोपे लिहावे, गरज पडेल तशी भर घालावी, असा प्रोग्रामर मंडळींचा युक्तिवाद असतो. तो एरवी रास्तही आहे. व्ह्यू केव्हाही बदलता येतो. मॉडेलमध्येही नवा रकाना मागाहून जोडता येतो. पण तोवर झालेल्या हजारो नोंदींत तो रिकामाच राहणार. जो भेद नोंदवलाच गेला नाही, तो कोणत्याही आज्ञावलीला परत आणता येत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एम. ए.च्या वर्गात एखाद्या ग्रंथाची 'मॉडेल' कागदावर आखून घ्यावीत: कोणते क्लास, त्यांचे परस्परसंबंध काय, कोणता रकाना रिकामा राहू द्यायचा. कर्तृत्व, पाठ, आवृत्ती या संकल्पना विद्यार्थ्याला कितपत उमगल्या आहेत, हे त्या एका कागदावर कळेल. आणि उद्या एखादी सूची घडत असताना, अनिवार्य काय आणि ऐच्छिक काय, हे सांगायला आपला माणूस तेथे बसलेला असेल.