‘क्षेत्राबाहेर’ म्हणजे नेमके कुठे?



हरभऱ्याला पाणी द्यायचे आणि लाइन रात्रीची, हे आपल्याला नवे नाही. धनी विहिरीवर, घरधनीण घरी. मागच्या रब्बीत मोताळा तालुक्यातल्या एका गावी एका बाईने रात्री अकराला फोन लावला, तर ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’. तीनदा तेच. मग चार माणसे बॅटऱ्या घेऊन निघाली. धनी नाल्याकाठच्या विहिरीवर बसून निवांत बिडी ओढत होता! पुढच्या सभेत त्या बाईंनी मला हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे काही विचारले नाही. विचारले ते असे, “साहेब, हे कुठे आहेत ते त्या फोनातल्या बाईला कसे कळते?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर शेगावच्या पालखीत आहे.

आषाढीला गजानन महाराजांची पालखी शेगावहून पायी पंढरपूरला निघते. समजा, तुमचे वडील दिंडीत आहेत आणि तातडीचा निरोप द्यायचा आहे. या घटकेला ते कोणत्या झाडाखाली टेकले आहेत हे घरी कोणालाच ठाऊक नसते. मुक्कामाचे गाव मात्र ठाऊक असते. मग त्या गावी भोंग्यावरून नाव पुकारायचे. वडील हात वर करतात आणि निरोप पोचतो.

मोबाइलचे काम असेच चालते. आसपासचे पुष्कळ टॉवर मिळून कंपनीने एक गट केलेला असतो. तो आपला मुक्काम समजा. प्रत्येक टॉवर आपल्या गटाचे नाव सारखे सांगत असतो आणि खिशातला फोन ते ऐकत असतो. गट तोच आहे तोवर फोन गप्प राहतो. गट बदलला की तो कळवतो, ‘मी आता इकडे आलो.’ कंपनीच्या रजिस्टरात तुमच्या सिमसमोर तेवढीच नोंद होते. कोणी तुम्हाला फोन केला की आधी ते रजिस्टर पाहिले जाते, मग त्या गटातल्या टॉवरांवरून तुमचा पुकारा होतो. तुमचा फोन ‘हजर’ म्हणतो, तेव्हा कुठे नेमका टॉवर कळतो आणि घंटी वाजते. नंबर दाबल्यावर क्षणभर सामसूम असते ती यासाठीच.

आता तुम्ही म्हणाल, दर टॉवरला हजेरी का लावत नाही? तसे केले तर फोनची चार्जिंग उतरेल आणि हजेरीच्याच गलबल्यात वाट भरून जाईल. उलट सारा जिल्हा एकच गट केला, तर सिंदखेड राजाच्या माणसासाठी संग्रामपुरातही ओरडावे लागेल. म्हणून गट मध्यम ठेवतात. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना केला. तेव्हापासून यंत्रे कितीतरी बदलली, पण पुकारण्याची रीत मुळात तीच आहे.

जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला फोन कधी मध्य प्रदेशाचा टॉवर धरतो. अशा शिवेवर तो घडीत इकडे, घडीत तिकडे हजेरी लावत बसतो. शिवाय सिग्नल क्षीण असला की त्याला जोर लावून बोलावे लागते. संध्याकाळपर्यंत चार्जिंग संपते आणि आपण बिचाऱ्या दुकानदाराशी भांडतो.

फोन बटणाने बंद केला तर तो जाताना निरोप घेतो. रजिस्टरात तशी नोंद होते आणि ‘स्विच ऑफ’ ऐकू येते. पण माणूस नाल्यात उतरला, मध्ये टेकाड आले, तर निरोप कोण घेणार? रजिस्टरात तो हजरच असतो. टॉवर पुकारतात, उत्तर येत नाही. ‘क्षेत्राबाहेर’चा अर्थ बहुधा एवढाच असतो. घात झाला असा तो नव्हे. पण सारे ठीक आहे, असाही नव्हे.

म्हणून मी त्या बाईंना दोन गोष्टी सांगितल्या. फोन लागला नाही तर साधा एसएमएस टाकून ठेवा. तो कंपनीकडे थांबून राहतो आणि धनी बांधावर चढून फोनला सिग्नल मिळाला की पोचतो. आणि धन्याने दर तासाला बांधावर येऊन एक फोन करायचा, हे निघतानाच ठरवा.

साप चावला, शॉक लागला, तर ११२ लावा. आपल्या कंपनीचा सिग्नल नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा फोन जाऊ शकतो. मात्र गाव, नाला, जवळचे देऊळ असे सारे तोंडाने सांगा. खेड्यात एकेका टॉवरचा पल्ला काही किलोमीटरांचा असतो, त्यावरून तुमची विहीर सापडायची नाही.

मोटारीच्या मोबाइल स्टार्टरमध्येही सिमच असते, त्यालाही हाच न्याय. टिनाच्या खोलीत पेटी बसवली असेल तर तिचा अँटेना बाहेर काढून उंच बांधा आणि त्या सिमचा रिचार्ज कधी संपतो ते पेटीवरच खडूने लिहून ठेवा.